छत्तिशीकडे झुकलेल्या बचावपटूला परदेशी क्लब का घेतात?

फुटबॉलमध्ये सेंटर बॅकला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्याला, पायांपेक्षा डोकं जास्त पळवावं लागतं, म्हणून. थियागो सिल्वाचंच घ्या. ऑगस्ट २०२० मध्ये पॅरिसच्या पीएसजी क्लबकडून चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) फायनल जर्मनीच्या बायर्नविरुद्ध हरला, करार संपला आणि काही दिवसांतच ३५ वर्षांचा हा ब्राझिलियन इंग्लंडच्या चेल्सी क्लबात आला. ट्रान्सफर फी (जुन्या क्लबला द्यायची रक्कम) शून्य, करार एका वर्षाचा. म्हणजे क्लबचा धोकाही बेताचाच.

प्रीमियर लीगमधलं, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगमधलं, पदार्पण मात्र पार फसलं. वेस्ट ब्रॉमविरुद्ध कर्णधार म्हणून उतरला, शेवटचा बचावपटू असताना पायाखालून चेंडू निसटला आणि कॅलम रॉबिन्सनने गोल ठोकला. 'म्हातारा झालाय' म्हणणाऱ्यांना आयतं कोलीतच मिळालं! (सामना ३-३ सुटला.)

पुढे टुखेल चेल्सीचा प्रशिक्षक म्हणून आला. पीएसजीपासूनची ओळख. त्याने तिघांच्या बचावफळीत सिल्वाला मधोमध ठेवलं. शेजारचे धावायचे, हा जागा हेरून उभा राहायचा. मे २०२१ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात चेल्सीने मँचेस्टर सिटीला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. सिल्वा दुखापतीमुळे पहिल्याच हाफमध्ये बाहेर गेला होता, तरी पदक गळ्यात पडलंच. एका वर्षासाठी आलेला गडी २०२४ पर्यंत टिकला, मग ब्राझीलमधल्या आपल्या जुन्या क्लबात, फ्लुमिनेन्सेत परतला.