गोळी चालू ठेवू की बंद करू, हे कुणाला विचारायचं?

आक्का,

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. विसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. धारवाडला दाखवलं, स्किझोफ्रेनिया म्हणाले, तेव्हापासून ओलान्झापिन चालू आहे. मधे एकदा आई त्याला घेऊन नरसोबाच्या वाडीला गेली, तिथं कुणीतरी सांगितलं म्हणून गोळी एकदम बंद केली. दोन महिन्यांत तो घरातून निघून गेला, चौथ्या दिवशी लोंढ्याच्या स्टेशनात सापडला. आता गोळी दाखवली की नको म्हणतो, म्हणून आई ती कुटून आमटीत घालते. त्याला माहीत नाही. आवाज फारसे नाहीत, पण वजन ९५ किलो झालंय, शुगर निघाली, दिवसभर पडून असतोय आणि विड्या ओढतोय.

बाबा २०२१ मध्ये कोरोनात गेले, तेव्हापासून मीही एसिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी घेते. पुण्याच्या चुलतभावानं व्हिडिओ पाठवलेत. या गोळ्या सुरुवातीलाच उपयोगी पडतात, पुढं मेंदू बिघडवतात, सगळा कंपन्यांचा धंदा आहे, असं त्यात आहे. मागच्या महिन्यात मी माझी गोळी चार दिवस सोडून बघितली. डोक्यात करंट मारल्यासारखं व्हायला लागलं, उगीच रडू यायला लागलं. परत सुरू केली. मला गोळीचं व्यसन लागलं का? आणि भावाची गोळी बंद करायला आईला सांगू का?

— एक बहीण

~

बाळ, तुझा चुलतभाऊ अगदीच खोटं बोलत नाही. हे आधी सांगते, कारण हाच प्रश्न तू दवाखान्यात विचारलास तर बहुतेक उडवून लावतील, आणि एकदा उडवून लावलं की माणूस घरी येऊन तोच व्हिडिओ पुन्हा बघतो.

मनाच्या आजारावरच्या गोळ्यांच्या बऱ्याचशा चाचण्या काही आठवड्यांच्या असतात, काही वर्षभराच्या. दहा-दहा वर्षं माणसांना बघत बसायला पैसा लागतो, धीर लागतो, आणि कंपनीला त्याची गरजही नसते. त्यामुळं तुझा भाऊ ११ वर्षं जी गोळी घेतोय, तिच्या अकराव्या वर्षाबद्दलचा पुरावा पहिल्या वर्षाइतका भक्कम नाही. डॉक्टरांनी हे मोकळेपणानं कबूल करायला हवं. पण पुरावा कमी आहे म्हणजे गोळी निकामी आहे असं होत नाही. तुझ्या चुलतभावाची उडी तिथंच चुकते.

शिवाय तू दोन वेगळ्या आजारांचे, दोन वेगळ्या गोळ्यांचे प्रश्न एकाच पाकिटात घालून पाठवलेत. आधी तुझा घेते, तो सोपा आहे.

तुला व्यसन लागलेलं नाही. व्यसनात माणसाला ती वस्तू हवीहवीशी वाटते, मात्रा वाढवत न्यावी लागते. तुला ती नकोशी झाली म्हणून तर तू सोडून बघितलीस. पण शरीराला तिची सवय झालीय, हे खरं आहे. एकदम सोडली की चक्कर येते, झोप मोडते, डोक्यात करंट मारतो, रडू येतं. हे गोळी सुटल्याचं लक्षण असतं, आजार परतल्याचं नव्हे. आजार सहसा हळूहळू, आठवड्यांनी परततो. हे दोन-चार दिवसांतच येतं आणि गोळी घेतली की लगेच शमतं. तुझं तसंच झालं. हा फरक कित्येकांना कुणी सांगतच नाही. मग पेशंट घाबरतो, घरचे म्हणतात ‘बघ, गोळीशिवाय जमत नाही’, आणि पुढची पाच वर्षं तशीच निघून जातात.

तुझ्या गोळीबद्दल ब्रिटनमध्ये एक चांगली चाचणी झाली, ती २०२१ मध्ये छापून आली. डिप्रेशनच्या गोळ्या बराच काळ घेणारे आणि आता बरं वाटणारे ४७८ लोक होते. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू कमी करून त्याजागी तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. वर्षभरात गोळी सोडलेल्यांपैकी शंभरात ५६ जणांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ जणांचा. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाच. गोळीनं फरक पडतो. पण घेत राहूनही ३९ जणांचा उलटलाच, आणि सोडूनही ४४ जण वर्षभर ठीक राहिले.

तू कुठल्या गटात बसशील हे मी इथं बसून सांगू शकत नाही. मात्र बाबांच्या जाण्यानं आलेलं हे तुझं पहिलंच आजारपण असेल, तर बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने गोळी घ्यायची आणि मग पुन्हा विचार करायचा, अशी रीत आहे. त्याआधीही दोन-तीनदा असं झालं असेल तर जास्त काळ. तुझी गोळी इतकी वर्षं का चालू आहे, हे डॉक्टरांना सरळ विचार. नीट कारण सांगितलं तर उत्तम. ‘चालू दे की, काय बिघडतंय’ एवढंच म्हणाले, तर मात्रा उतरवायचं वेळापत्रक माग. ते काही महिन्यांचं असावं आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान असाव्यात, कारण २० मिलीग्रामवरून १० वर येताना मेंदूवरचा परिणाम थोडाच उतरतो, ५ वरून शून्यावर येताना धाडकन उतरतो. परीक्षेच्या पेपरांच्या ढिगात किंवा घरातल्या लग्नकार्यात हे सुरू करू नकोस. आणि उतरवताना जगणंच नको असं वाटायला लागलं, तर वेळापत्रक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

आता भावाचं.

इथं पुरावा वेगळा आहे. जर्मनीचे मानसोपचारतज्ज्ञ स्टेफान लॉयख्ट यांनी २०१२ मध्ये ६५ चाचण्या एकत्र करून बघितल्या. साधारण वर्षभरात गोळी बंद केलेल्यांपैकी शंभरात ६४ जणांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी २७ जणांचा. तुझ्या गोळीच्या आकड्यांपेक्षा हा फरक खूप मोठा आहे. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधून उलटा सूर आला. आजार पहिल्यांदाच झालेल्या १०३ जणांना सात वर्षांनी पुन्हा तपासलं, तर ज्यांची मात्रा सुरुवातीलाच कमी करत नेली होती त्यांच्यातले ४० टक्के पूर्ण सावरले होते, नेहमीच्या मात्रेवर ठेवलेल्यांतले १८ टक्केच. तुझ्या चुलतभावाच्या व्हिडिओत हे नक्की असणार. त्यात बहुधा नसेल ते असं, की गोळ्यांवर कडक टीका करणाऱ्या म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ यांनीच ब्रिटनमध्ये जुन्या रुग्णांची मात्रा हळूहळू उतरवायची चाचणी केली. २५३ जण होते, निकाल २०२३ मध्ये आला. दोन वर्षांनी मात्रा उतरवलेल्यांचं लोकांत मिसळणं, कामधंदा यात काही सुधारणा दिसली नाही, आणि आजार गंभीरपणे उलटलेले त्यांच्यात २५ टक्के निघाले, इतरांत १३ टक्के. स्वतःच्या म्हणण्याविरुद्ध गेलेला निकाल त्यांनी छापला, याचं मला कौतुक वाटतं. फिनलंडमध्ये तर ६२ हजारांवर रुग्णांच्या नोंदी २० वर्षांपर्यंत बघितल्या, तिथं गोळी न घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होते. अशा नोंदींत कोण गोळी घेतं आणि कोण सोडतं याचा घोळ असतो, पण ‘गोळ्यांनीच माणसं मरतात’ असं त्यातून काढता येत नाही.

तेव्हा आईला ‘बंद कर’ असं सांगू नकोस. एकदा बंद केली होती तेव्हाचं लोंढा स्टेशन तुझ्या डोळ्यांसमोर आहेच. पण तेवढ्यावरून ‘याला जन्मभर इतकीच मात्रा लागणार’ असंही ठरत नाही, कारण तेव्हा ती एका दिवसात तोडली होती. एकदम तोडणं वेगळं आणि महिनोन्‌महिने उतरवणं वेगळं. वाडीला जाण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. जावं, पालखी बघावी, बासुंदी खाऊन परतावं. गोळी सोडा असं दत्तमहाराज कुणाला सांगत नाहीत. ते सांगणारी माणसं वाटेत भेटतात.

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तू बोलतेस, आई बोलते, चुलतभाऊ बोलतो, वाडीवरचा कुणी अनोळखी माणूसही बोलतो. भाऊ एकदाच बोलतो, ‘नको’ म्हणतो. का नको, हे कुठंच नाही. पोट सुटतं म्हणून? सकाळी डोळे उघडत नाहीत म्हणून? बायकांबद्दल काही वाटेनासं झालं म्हणून? ते बहिणीजवळ कोण बोलणार! की त्याला आपण आजारी आहोत हेच पटत नाही? प्रत्येकावर उपाय वेगळा आहे, आणि आमटी यातल्या एकावरही उपाय नाही.

आईला मी दोष देत नाही. चार दिवस पोरगा हरवलेल्या बाईनं दुसरं काय करावं? असं करणारी घरं मला बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडून पत्रं लिहितात. पण त्यातले धोके तिला कळायला हवेत. ज्या दिवशी तो पाहुण्यांकडे जेवतो त्या दिवशी गोळी नाही. आमटी अर्धी उरली तर अर्धीच. धारवाडचे डॉक्टर समजतात की तो स्वतःच्या हातानं घेतोय, आणि त्या समजुतीवर मात्रा ठरवतात. आणि एक दिवस त्याला कळेलच. ज्याला आधी वाटायचं की लोक आपल्याविरुद्ध काहीतरी करताहेत, त्याला आपल्या जेवणात खरंच काहीतरी मिसळलेलं सापडलं, तर तो घरचं अन्न सोडेल.

म्हणून हे आधी डॉक्टरांना खासगीत सांग. त्याला जेवताना, भांडणात किंवा सणावारी सांगू नका. डॉक्टरांसमोर, त्यांच्या सल्ल्यानं सांगायचं. तो चिडेल. चिडू दे. त्यानंतरच त्याच्याशी खरं बोलणं सुरू होईल: कमी वजन वाढवणारी दुसरी गोळी, थोडी कमी मात्रा, किंवा रोजच्या कटकटीऐवजी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, पण त्याच्या संमतीनं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला उपचारांची माहिती मिळायचा हक्क दिलाय. आणखी एक सोय दिलीय, ती फार कुणी वापरत नाही: डोकं ठिकाणावर असताना माणूस लिहून ठेवू शकतो, की पुढं माझी अवस्था बिघडली तर मला कसा उपचार द्या, कसा देऊ नका, आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं. तो सध्या शांत आहे, म्हणजे हे लिहायला हीच वेळ बरी.

गोळी काय करते आणि काय करत नाही, हेही त्याच्याशी मोकळेपणानं बोला. आवाज दाबणं तिला जमतं. माणसाला अंथरुणातून उठवून शेताकडं पाठवणं तिला जमत नाही; उलट कधी कधी तीच त्याला अंथरुणाला खिळवते. दिवसभर पडून राहणं किती आजारामुळं आणि किती ओलान्झापिनच्या गुंगीमुळं, हे मात्रा थोडी हलवल्याशिवाय कळणार नाही, आणि ती हलवायची डॉक्टरांनीच. तोवर त्याला घरात एक काम त्याच्या नावावर द्या, डेअरीला दूध घालायचं म्हणा, काजूची बाग बघायची म्हणा. चुकलं तरी ते काम दुसऱ्यानं करायचं नाही.

वजन आणि शुगर या बारीकसारीक तक्रारी समजू नका. हे आजार असलेली माणसं इतरांपेक्षा लवकर जातात, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल, हे सगळं नियमानं बघायला हवं. ओठ किंवा जीभ आपोआप हलतेय का, तेही बघ. इतक्या वर्षांनी तसं होऊ शकतं आणि वेळीच दाखवायला लागतं. विड्यांचं एक सांगते, कारण दवाखान्यात कुणी विचारत नाही. धुरामुळं ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातं. निपाणीच्या विड्यांचा अख्खा कट्टा रोज ओढणाऱ्याला डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा त्याच हिशेबाची असते. उद्या त्यानं विडी सोडली, आणि सोडावीच, तर तीच मात्रा त्याला जड होईल, गुंगी वाढेल. तेव्हा सोडायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

धारवाडच्या मानसोपचार संस्थेतच तुमची फाईल असेल तर तिथंच जा, जुनी नोंद फार कामाला येते. दर वेळी जमत नसेल, तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनोचैतन्य या सरकारच्या मानसिक आरोग्य योजनेचे डॉक्टर येतात का, याची चौकशी कर. रात्री-अपरात्री अडचण आली तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे. आणि भाऊ मराठी शाळेत शिकलाय हे विसरू नकोस. डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, तो मान हलवतो, बाकी तूच सांगतेस, असंच चालत असणार. मराठी येणारं कुणी आहे का ते नंबर लावतानाच विचार. कुणी नसेल तर तू फक्त दुभाषी हो: तो म्हणेल तेवढंच कन्नडमध्ये सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

शुगरचा रिपोर्ट तीन महिन्यांहून जुना असेल तर निघायच्या आधी खानापुरातच नवा करून घे, नाहीतर तिथं पोचल्यावर पहिला दिवस त्यातच जाईल.

— आक्का