वाचकांचे प्रश्न : गॅट्सबीकडे पैसा आला कुठून?

स्कॉट फिट्झगेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५) या अमेरिकन कादंबरीवर कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेले हे काही प्रश्न. गॅट्सबी हा गरिबीतून वर आलेला धनिक, टॉम ब्युकॅननशी लग्न झालेल्या डेझीवर त्याचं जुनं प्रेम आहे.

एम.ए. इंग्रजीची विद्यार्थिनी, राजारामपुरी : गाइडमध्ये सगळीकडे 'अमेरिकन ड्रीमचा भंग' (कष्टानं कुणीही वर येतो, या स्वप्नाचा) एवढंच असतं. तेच लिहिलं की मार्क कापतात. मग लिहायचं काय?

कापतात ते बरोबरच आहे. ते वाक्य कादंबरी न उघडताही लिहिता येतं. त्यापेक्षा वहीत तीन रकाने आखा : पैसा कुणाकडे, किती, कुठून आला. मग कादंबरी पुन्हा चाळा.

गोष्ट सांगणारा निक महिना ८० डॉलर भाड्याच्या घरात राहतो. टॉम ब्युकॅनन लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला मोत्यांचा सर देतो, त्याची किंमत साडेतीन लाख डॉलर. निकचं साडेतीनशे वर्षांचं भाडं भागून वर उरेल एवढी ही रक्कम. हाच टॉम मर्टलसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या बायकोसाठी, रस्त्यावर कुत्र्याचं पिल्लू घेतो. विकणाऱ्याच्या हातात दहा डॉलर टेकवतो आणि 'जा, यात आणखी दहा कुत्री घे' असं सुनावतो. तिचा नवरा विल्सन गॅरेज चालवतो. टॉमची जुनी गाडी घेऊन विकली तर चार पैसे सुटतील, या आशेवर तो आहे, आणि टॉम त्याला 'पुढच्या आठवड्यात' म्हणून टोलवतोय. नैतिक ऱ्हास म्हणतात तो एवढ्या व्यवहारात दिसतो. त्यावर वेगळी विशेषणं लावायची गरज नाही.

स्वप्नाबद्दल लिहिताना डेझीच्या घाटावरच्या हिरव्या दिव्यावर थांबू नका, तो सगळ्यांच्याच पेपरात असतो. नवव्या प्रकरणात गॅट्सबीचे वडील एक जुनं काउबॉय पुस्तक घेऊन येतात. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर मुलानं दिनक्रम लिहिलाय, तारीख १२ सप्टेंबर १९०६. सहाला उठणं, डंबेल्स, विजेचा अभ्यास, नोकरी, संध्याकाळी पाच ते सहा वक्तृत्वाचा सराव. खाली संकल्प : तंबाखू बंद, एक दिवसाआड आंघोळ, आठवड्याला ५ डॉलर शिल्लक. त्यातला ५ खोडून ३ केलाय. त्या खोडलेल्या आकड्यावर एक चांगला परिच्छेद होतो. (लेखकाची गफलत अशी की ते काउबॉय पुस्तक १९१० मध्ये निघालं. परीक्षेत एका ओळीत सांगायला हरकत नाही.)

वाचक, इचलकरंजी : गॅट्सबी नेमका कसला धंदा करायचा? दारूचा की आणखी काही?

कादंबरी हे मुद्दाम तुकड्यातुकड्यानं सांगते, म्हणून जोडून घ्यावं लागतं. चौथ्या प्रकरणात तो म्हणतो, घरचे श्रीमंत होते, सगळे गेले, मला वारसा मिळाला. पाचव्यात बोलता बोलता सुटतं की हे घर घ्यायला मला तीन वर्षं कमवावं लागलं. निक विचारतो, 'वारसा मिळाला होता ना?' मग युद्धाच्या गडबडीत बराच गेला, अशी सारवासारव. धंदा कुठला, यावर आधी 'तो माझा प्रश्न' असं तुटक उत्तर. आपण काय बोललो ते लक्षात आल्यावर औषधांचा, मग तेलाचा. वारशाबद्दल खरं एवढंच, की डॅन कोडी नावाच्या धनिकानं त्याच्यासाठी २५,००० डॉलर ठेवले होते आणि तेही कायद्याची काहीतरी अडचण काढून दुसरीकडेच गेले. गाइडं त्याला हे पैसे मिळाले असं लिहितात, ते चूक आहे.

'औषधांचा धंदा' समजायला त्या वेळची दारूबंदी माहीत हवी. अमेरिकेत ती १७ जानेवारी १९२० ला लागू झाली आणि डिसेंबर १९३३ मध्ये उठली. पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की घ्यायला मुभा होती आणि ती औषधांच्या दुकानात मिळायची. सातव्या प्रकरणात टॉम उघड करतो की गॅट्सबी आणि त्याचा धंद्यातला साथीदार वुल्फशाइम यांनी न्यूयॉर्क आणि शिकागोत गल्लीबोळातली अशी दुकानं विकत घेतली आणि काउंटरवरून दारू विकली. म्हणजे गॅट्सबीचं उत्तर अगदीच खोटं नव्हतं.

दारूवर हे थांबत नाही. गॅट्सबी मेल्यावर शिकागोहून फोन येतो. पलीकडचा माणूस, गॅट्सबीच ऐकतोय असं समजून, कुणीतरी काउंटरवर बाँड (कर्जरोखे) देताना पकडला गेल्याचं सांगतो. निक स्वतः बाँडच्याच धंद्यात आहे, हे विसरू नका. वुल्फशाइम हा १९१९ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमध्ये फिक्सिंग करणारा म्हणून दाखवलाय. ते प्रकरण खरंच घडलं होतं आणि शिकागोच्या आठ खेळाडूंवर कायमची बंदी आली होती.

निवृत्त शिक्षक, शाहूपुरी : ईस्ट एग आणि वेस्ट एग (कादंबरीतल्या श्रीमंतांच्या दोन वस्त्या, पहिलीत टॉम-डेझी, दुसरीत गॅट्सबी) म्हणजे आपल्याकडची जुनी घराणी आणि नवे पैसेवाले, असं शिकवलं तर चालेल?

सुरुवातीला चालेल, पुढे अडचण होईल. ईस्ट एगच्या लोकांकडे किताब नाही, गादी नाही. त्यांचं 'जुनेपण' एक-दोन पिढ्यांचं. निकच्या घरीसुद्धा आपण स्कॉटलंडच्या ड्यूकचे वंशज अशी समजूत आहे. खरा मूळपुरुष म्हणजे आजोबांचा भाऊ. तो १८५१ मध्ये आला, यादवी युद्धात आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवलं आणि हार्डवेअरचं ठोक दुकान काढलं. सत्तर वर्षांच्या दुकानावर कुणी घराणं सांगू लागलं तर कोल्हापुरात लोक हसतील.

भेद शिकवायचा असेल तर सहाव्या प्रकरणातला प्रसंग घ्या. घोड्यावरून तिघं गॅट्सबीकडे येतात : टॉम, स्लोन आणि एक बाई. बाई त्याला जेवायला बोलावते. गॅट्सबीला ते खरं वाटतं, तो तयार व्हायला आत जातो. बाहेर टॉम म्हणतो, तिला हा नकोय हे याला कळत नाही का? गॅट्सबी टोपी आणि कोट घेऊन दारात येतो तोवर घोडी निघून गेलेली. 'जेवायला या' म्हटलं की जायचंच असतं, असं मानणाऱ्या मुलांना हा अपमान लगेच कळतो.

वाचक गट, कागल : वाचनालयात आठवड्याला एक बैठक घ्यायची आहे. नऊ प्रकरणं कशी वाटावीत?

सहा बैठका पुरतात : १-२, ३, ४-५, ६, ७, ८-९. मोठ्यानं वाचायला एकूण पाच-साडेपाच तास. सातवं सगळ्यात लांब, त्याला दुसरं काही जोडू नका.

माणसं गळतात ती चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला. तिथं पार्टीला आलेल्यांची लांबलचक नामावली आहे. ती एकानं भरभर वाचावी, नावं लक्षात ठेवायची नसतात. दुसरी अडचण काळाची, कारण जुन्या हकिकती ४, ६ आणि ८ मध्ये विखुरल्यात. फळ्यावर तीन ओळी लिहून ठेवा : १९१७ लुइव्हिलला गॅट्सबी-डेझीची भेट, जून १९१९ डेझी-टॉमचं लग्न, १९२२ चा उन्हाळा म्हणजे चालू गोष्ट.

सातव्यात कोण कुठल्या गाडीत, हे थांबून विचारा. शहरात जाताना गॅट्सबीची पिवळी गाडी टॉम चालवतो आणि विल्सनकडे पेट्रोल भरतो. येताना त्याच गाडीत गॅट्सबी आणि डेझी, स्टिअरिंगवर डेझी. मर्टल धावत येते ती आत टॉम आहे या समजुतीनं, आणि गाडीखाली सापडते. ही अदलाबदल निसटली की मर्टलचा आणि पुढे विल्सनच्या हातून गॅट्सबीचा मृत्यू योगायोग वाटतात, आणि टॉमनं विल्सनला गाडी कुणाची ते सांगितलं याचं वजन कळत नाही.

विद्यार्थी, गडहिंग्लज : २०१३ चा सिनेमा पाहिला तर चालेल का?

परीक्षेला नाही. सिनेमात निक सॅनिटोरियममध्ये बसून गोष्ट सांगतो, ते कादंबरीत नाही. उलट गॅट्सबीचे वडील सिनेमात येत नाहीत, म्हणजे वर सांगितलेला दिनक्रमही गेला. वुल्फशाइमच्या भूमिकेत अमिताभ बच्चन आहेत, त्यासाठी पाहा.

वाचक, जयसिंगपूर : मराठी अनुवाद करायचा आहे. परवानगी कुणाची लागेल?

मूळ संहितेसाठी कुणाचीच नाही. फिट्झगेराल्ड २१ डिसेंबर १९४० ला गेला, त्यामुळे भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत कधीच संपली. अमेरिकेतही १ जानेवारी २०२१ पासून कादंबरी खुली आहे. मात्र अलीकडच्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठ यांचे हक्क वेगळे असतात, ते घेऊ नका. आणि कादंबरीच्या सुरुवातीला दिलेल्या कवितेच्या चार ओळींचा कवी टॉमस पार्क डिन्व्हिलिए शोधत बसू नका. तो लेखकाच्याच पहिल्या कादंबरीतलं पात्र आहे, ओळी फिट्झगेराल्डच्याच.