काठी आपल्या भावकीची, मग यात्रा लांबनं कशाला?

प्रश्न: नमस्कार काका, माझं माहेर पुण्याचं आणि सासर राधानगरी तालुक्यातलं. आमच्या भावकीची सासनकाठी, म्हणजे कापड गुंडाळलेला देवाच्या मानाचा उंच बांबू, दरवर्षी कोल्हापूरजवळच्या जोतिबाला जाते पण लग्नाला चौदा वर्षं झाली तरी चैत्री यात्रेला मी एकदाही गेले नाही, कधी पोरांच्या परीक्षा कधी ऑफिस. यंदा सासूबाई म्हणाल्यात पोरांना घेऊन याच. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात. मला गर्दीची, उन्हाची आणि गुलालाची धास्ती वाटते. त्यापेक्षा आधल्या रविवारी गाडीनं जाऊन दर्शन घेऊन आलं तर चालणार नाही का? आणि मुलगा विचारतोय काठी एवढी उंच का असते, ते मला सांगता येत नाही.

उत्तर: ताई, रविवारी जावा की, रविवार जोतिबाचाच वार. माघात तर पाच रविवार कोल्हापूरची माणसं खेटे घालायला, म्हणजे दर रविवारी पायी वारी करायला, पहाटे अंधारात अनवाणी निघतात, पंचगंगेवरनं वडणगे, केर्ली, कुशिरे करत गायमुखावरनं डोंगर चढतात. म्हणजे देवाचं दर्शन तुम्हाला कधीही मिळतंय. पण तुमच्या घरात काठी आहे हो, ती रविवारच्या दर्शनात कुठनं दिसणार? ती बघायची तर चैत्र पौर्णिमाच पाहिजे.

पोरग्याच्या प्रश्नाचं आधी सांगतो. शास्त्र काय आहे त्यात मी शिरत नाही, मी लहानपणी बघितलं तेवढं सांगतो. वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, त्यादिवशी महाराष्ट्रातनं आणि कर्नाटकातनं लाखो माणूस आलेलं असतंय, सगळ्यांचे चेहरे गुलालानं एकसारखे गुलाबी, कोण कुठल्या गावचा कळत नाही, मग हरवलेला माणूस काय करतो तर मान वर करतो आणि आपल्या गावची काठी शोधतो. मीपण असाच एकदा हरवलो आणि काठीचं कापड बघून वडलांपर्यंत पोचलो. त्यामुळं घरातनं निघतानाच दोन्ही पोरांना आपल्या काठीचा रंग आणि वरचं निशाण नीट दाखवून ठेवा, खिशात फोन नंबरची चिठ्ठी तर घालाच पण काठी पाठ पाहिजे.

आणि डायरेक्ट डोंगरावर गाठ घालू नका, तुम्ही गावात जावा. काठी निघायच्या आदल्या दिवशी. ती धुऊन पुसून, कापड गुंडाळून, दोर बांधून उभी करतात तेव्हा पोरांना तिथं उभं करा. तीस-चाळीस फुटांचा बांबू एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यात उचलून नाचवतोय असं लांबनं वाटतं, पण चारी बाजूंनी दोर धरणाऱ्यांचं लक्ष जरा हललं की काठी कलंडली, म्हणून खरं कसब दोरवाल्यांचं असं माझं मत. तुमच्या मुलाला कुणीतरी काका-आजोबा दोराला हात लावू देतीलच, तेवढ्यानं तो पुढच्या वर्षी तुम्हाला ओढत आणंल बघा.

डोंगरावर दुपारी काठ्यांची मिरवणूक सुरू होते. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा, मग बाकीच्या आपापल्या मानानं. हलगी, पिपाणी, सनई आणि "जोतिबाच्या नावानं चांगभलं". संध्याकाळी पालखी मंदिरातनं निघून यमाईदेवीच्या देवळाकडं जाते, तिथं कट्यारीच्या रूपातल्या जमदग्नींचा आणि यमाईचा विवाह लागतो, आणि रात्री पालखी परत. आत्ताचं मुख्य मंदिर १७३० सालचं, राणोजी शिंद्यांनी बांधलेलं, शिंदे घराण्याचं हे कुलदैवत, हे पण पोरांना जाता जाता सांगा, पण त्यांना दगडापेक्षा देवाला वाहायचा दवणा जास्त लक्षात राहील. दवण्याचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर चैत्र आला की आठवतोय.

काळजीचं म्हणाल तर ऊन खरंच लई असतं. पोरांना सुती कपडे, टोपी, पाणी आणि दुपारभर सावलीची जागा. मिरवणूक चालू असताना काठ्यांच्या मधे शिरू नका, कडेच्या ओवरीत किंवा उंच पायरीवर थांबा. गुलालासाठी डोळ्यावर साधा गॉगल, आणि स्वस्तातला उग्र वासाचा गुलाल घेऊच नका. गुलालाबरोबर खोबरं पण उधळतात, त्याच्या अख्ख्या वाट्या भिरकावू नका, जोरात लागतात, तुकडे करून उधळा. एवढं करून पण मुलीला गर्दी झेपणार नाही असं वाटलं तर पौर्णिमेला फक्त गावातनं काठी वाटेला लावा आणि यात्रेनंतरच्या रविवारी पाकाळणीला, म्हणजे देऊळ धुऊन स्वच्छ करायच्या विधीला, डोंगरावर या, घरची बायकापोरं घेऊन तेव्हा येणारे पण पुष्कळ असतात.

तुम्ही चौदा वर्षांचं वाईट वाटून घेऊ नका. २०२० ला लॉकडाऊनमुळं यात्रा भरलीच नाही, २०२१ ला पण तीच गत, आमच्या गल्लीतली काठी दोन्ही वर्षं घरातच आडवी होती. रोज तिच्यापुढं उदबत्ती लावणाऱ्या म्हाताऱ्यांना मी बघितलंय. २०२२ ला ती परत उभी केली तेव्हा माझ्यासकट गल्लीतल्या कुणालाच धड बोलता येत नव्हतं.

प्रश्न: यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात मुक्काम करण्यासारखं काही असतं का? आम्ही चारजण इचलकरंजीहून येणार आहोत.

उत्तर: असतं म्हणजे काय, अंबाबाईचा रथोत्सव असतो! जोतिबाची यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी रात्री आई रथातनं नगरप्रदक्षिणेला निघते. सगळ्या वाटेवर रांगोळ्यांच्या पायघड्या, लाइटिंग, फुलं, आणि त्या रांगोळ्या घालायला पोरीबाळी संध्याकाळपासनं रस्त्यावर बसलेल्या असतात. माझं ऐका, रथ यायच्या दोन तास आधीच महाद्वार रोडला पोचा आणि आधी रांगोळ्या बघत फिरा, कारण रथ एकदा पुढं गेला की त्या राहात नाहीत. गाडी लांब लावून चालत या.