पंधरा वर्षांची लेक, वॉकआउट आणि "आपला काय संबंध?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीने 'द हेट यू गिव्ह' वाचल्यापासून घरात रोज वाद, आता शाळेच्या वॉकआउटला, म्हणजे तास सोडून निषेधासाठी बाहेर पडायला, पोस्टर घेऊन जायचंय म्हणते, आणि तुम्ही विचारताय पुस्तक काढून घेऊ का, कारण हे इथलं, अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांचं प्रकरण, त्यात आपला काय संबंध.

नका काढून घेऊ. आधी तुम्ही स्वतः वाचा, खरंच. अँजी थॉमसची ही कादंबरी 2017 ची. स्टार नावाच्या सोळा वर्षांच्या काळ्या मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या लहानपणीच्या मित्राला पोलीस गोळी घालतो, हेअरब्रश त्याला बंदूक वाटतो. आणि स्टार गप्प बसते, बरीच पानं गप्प बसते, कारण घरच्या वस्तीतली स्टार वेगळी आणि गोऱ्या मुलांच्या शाळेतली स्टार वेगळी, शाळेत ती शब्दसुद्धा तोलूनमापून वापरते. आता तुमची लेक बघा, घरी मराठी, डब्यात काय न्यायचं याचा विचार, शाळेत नावाचा उच्चार बदललेला. स्टारवर जे बेततं ते आपल्या मुलांवर बेतत नाही, ते एकच आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, पण दोन जगांत दोन माणसं होऊन जगणं तुमच्या लेकीला आतून कळलंय.

आणि संबंधाचं म्हणाल तर स्टारचे वडील मुलांकडून ब्लॅक पँथर्सचे, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन संघटनेचे, दहा मुद्दे पाठ करून घेतात. त्याच पँथर्सवरून 1972 साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या पोरांनी दलित पँथर काढली. त्याच्याही किती आधी, 1873 मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना! हे आपल्याला शाळेत कुणी धड सांगितलं नाही, मलाही चाळिशीत कळलं आणि त्याचं वाईट वाटतं.

वॉकआउटचं म्हणाल तर ग्रीन कार्डच्या रांगेत असताना भीती वाटते हे मला कळतं, पण मग तीच भीती तिला स्पष्ट सांगा, "लोक काय म्हणतील" नको, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. सरकारी शाळेतल्या मुलांना मत मांडायचा हक्क आहे, आयोवातली मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची असताना व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाची काळी पट्टी दंडाला बांधून शाळेत गेली होती आणि 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. पण तास बुडवला तर गैरहजेरी लागू शकते, ते आधी शाळेत विचारून घ्या आणि ती लागली तर चालेल का हे तिलाच ठरवू द्या.

आणि एक करा. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, तिने 'मांग महारांच्या दुःखाविषयी' निबंध लिहिला, 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे, मग आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. छोटासाच आहे. लेकीला देवनागरी भराभर वाचता येत नसेल तर तुम्ही मोठ्याने वाचा, जुनी मराठी आहे, अडेल तिथे थांबा, आणि अर्थ तुम्हालाही लागला नाही तर तसं तिला सांगून टाका.