मॉर्मन लोकही ख्रिस्तीच ना? मग त्यांच्या आणि पारंपरिक ख्रिस्ती शिकवणीत फरक काय?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुम्ही वसईचे कॅथलिक, मुलगी अमेरिकेत युटा राज्यात नोकरीला आहे आणि तिचं लग्न तिथल्याच एका मॉर्मन मुलाशी ठरतंय. पुढे लिहिलंय, "शेवटी तेही येशूलाच मानतात, मग फरक असा कितीसा असणार?" एरवी मी असल्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही. पण हेच वाक्य माझा थोरला भाऊ मला वर्षानुवर्षं ऐकवतोय, त्यामुळे राहवलं नाही.

येशूला मानतात, मनापासून मानतात. त्यांच्या चर्चच्या पूर्ण नावातच येशू ख्रिस्त आहे, आणि २०१८ पासून त्यांचे पुढारी 'मॉर्मन' म्हणू नका, पूर्ण नाव घ्या, असा आग्रह धरतात. (मी मॉर्मनच म्हणणार, ते नाव फार लांब आहे.) पण देव कोण, येशू कोण, आणि प्रेषितांनंतर चर्च जिवंत राहिलं की मेलं, या तिन्ही प्रश्नांना त्यांची उत्तरं तुमच्या-माझ्या चर्चपेक्षा मुळातून वेगळी आहेत. तुमचं कॅथलिकांचं आणि आमचं प्रोटेस्टंटांचं भांडण त्यापुढे भावाभावांचं बांधावरचं भांडण म्हणायचं.

मी नगरची. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढले, १९७० पासून आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. संडे स्कूल बरीच वर्षं शिकवलं. दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, शिकायला युटाला गेला आणि तिथे मॉर्मन झाला. सुट्टीत घरी आला तेव्हा पहिला धक्का चहाचा. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं बंद, १८३३ सालचा नियम. वहिनीला वाटलं पोराला पित्त झालंय. मग कळलं की त्यांच्या प्रभुभोजनात भाकरीबरोबर द्राक्षारस नसतो, पाणी असतं, आणि चर्चवर क्रूस लावत नाहीत. लोक अशाच गोष्टी चघळत बसतात. मला त्यांचं काही वाटलं नाही. आमच्याकडेही काही मंडळ्यांत वाइन नसते, द्राक्षाचा साधा रस असतो.

खरा वाद रात्री जेवणं झाल्यावर. तुम्ही रविवारी मिस्सेत जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणता, त्याचा पाया ३२५ साली निकेयाच्या परिषदेत घातला गेला: पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे, निर्माण केलेला नाही. आम्हीही तोच म्हणतो. भाचा म्हणाला, तिथेच चर्च चुकलं. त्यांच्या शिकवणीत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन अगदी वेगळे आहेत, हेतूने एक, तत्त्वाने नव्हे. पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. स्वर्गीय माताही आहे, फक्त तिची प्रार्थना करत नाहीत. आपण सगळे जन्मण्याआधी आत्मे म्हणून देवापाशी होतो आणि येशू आपल्यातला थोरला. देवाने जग शून्यातून केलं नाही, द्रव्य अनादि आहे. त्यांच्या चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८४४ च्या एप्रिलमध्ये, तुरुंगात मारला जाण्याच्या अडीचेक महिने आधी, एका प्रवचनात सांगितलं की देव एके काळी माणसासारखा होता आणि माणसानेही देव व्हायला शिकायचं आहे. हल्ली त्यांचे वक्ते हे जरा मऊ करून सांगतात, पण मागे घेतलेलं नाही. बायबल आहे, पण 'बरोबर भाषांतर झालंय तिथपर्यंत', आणि त्याच्या जोडीला १८३० सालचं 'बुक ऑफ मॉर्मन' धरून आणखी तीन ग्रंथ. शिवाय त्यांचा अध्यक्ष हा संदेष्टा, त्यामुळे पुढे काही नवं येणारच नाही असंही नाही. तसंच १८९० साली बहुपत्नीत्व बंद झालं आणि १९७८ साली काळ्या पुरुषांना याजकपद मिळालं.

तारणाचंही तसंच. आम्ही लुथरच्या वळणाचे लोक कृपा, कृपा आणि कृपा म्हणतो. तुम्ही कृपेच्या जोडीला साक्रामेंतं (बाप्तिस्म्यासारखे चर्चचे पवित्र विधी) आणि सत्कर्मं धरता. ते म्हणतात, आपल्याकडून होईल ते सगळं केल्यानंतर कृपेने. स्वर्गाचे तीन स्तर, आणि सगळ्यात वरच्या स्तरात पूर्णत्वाला जायचं तर मंदिरात लागलेलं अनंतकाळचं लग्न हवं. पुनरुत्थानात कोणी लग्न करत नाही, असं मत्तयात येशू स्वतः सांगतो, हे मी भाच्याला काढून दाखवलं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. त्यांच्याकडे उत्तर नेहमीच तयार असतं, आणि अदबीने दिलेलं असतं, त्यामुळे जास्तच राग येतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

माझे आजोबा नेवासा तालुक्यातले महार. जन्म १९०४, बाप्तिस्मा १९२५. भावकीने वतनातला वाटा तोडला, सासऱ्याने बायको माहेरीच ठेवून घेतली. आजी पुढे स्वतःहून निघून आली. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर झाले. वडील १९३६ चे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. वडिलांना साहेबापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी सुचवलं, कागदावर 'हिंदू महार' लिहा, चर्चला जायचं तर जात राहा, कोण बघतंय? त्यांनी लिहिलं नाही. मागून आलेले पुढे गेले, वडील होते तिथेच निवृत्त झाले. आमच्या घरात बाप्तिस्मा म्हणजे हे सगळं.

२०१८ साली भाच्याचा फोन आला. त्याला घराण्यातल्या माणसांची नावं, जन्म-मृत्यूची सालं आणि मंडळीच्या नोंदवहीतल्या पानांचे फोटो हवे होते. मॉर्मन आपल्या मेलेल्या पूर्वजांसाठी मंदिरात बाप्तिस्मा घेतात. बारा बैलांच्या पुतळ्यांवर उभारलेलं कुंड असतं, त्यात एखादा जिवंत तरुण मेलेल्याच्या वतीने पाण्यात जातो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मेलेल्यांसाठीच्या बाप्तिस्म्याचा उल्लेख आहे, त्याचा ते आधार देतात. मी म्हटलं, "अरे, पण आजोबांचा बाप्तिस्मा झालाय." तो म्हणाला, "आत्या, झालाय, पण अधिकाराशिवाय झालाय."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या वाक्यात आहे. मॉर्मन शिकवण अशी की प्रेषितांनंतर खरं चर्च पृथ्वीवरून नाहीसं झालं आणि त्याच्याबरोबर याजकपणाचा अधिकारही गेला. १८२९ साली बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने स्वतः येऊन जोसेफ स्मिथला तो परत दिला. मधली सतराशे वर्षं रद्द. आम्ही प्रोटेस्टंट चर्च बिघडलं म्हणतो, सुधारायला हवं होतं म्हणतो. मेलं होतं असं कधी म्हणत नाही. गंमत बघा, स्मिथ जन्मला व्हरमाँटमध्ये, आणि आजोबांच्या मिशनची मूळ संस्था १८१० साली शेजारच्याच मॅसॅच्युसेट्समध्ये निघाली. १८३० साली स्मिथने न्यूयॉर्क राज्यात आपलं चर्च स्थापलं, १८३१ साली मिशन नगरला आलं. एकाच मुलखातली माणसं. त्यातल्या एकांनी आजोबांना बाप्तिस्मा दिला आणि दुसऱ्यांनी तो शंभरेक वर्षांनी बाद ठरवला. (भाच्याने मला अभिमानाने सांगितलं की त्यांचा ह्यू फिंडले नावाचा प्रचारक १८५२ सालीच मुंबईला आला होता आणि पुण्यात त्याने लहानशी मंडळीही जमवली. जमवली, पण टिकली नाही.)

त्यांचा नियम असा आहे की ज्याच्या जन्माला ११० वर्षं झालेली नाहीत, त्याच्यासाठी सर्वांत जवळच्या हयात नातलगाची संमती लागते. आजोबांना ११० वर्षं उलटून गेली होती, त्यामुळे कोणालाच विचारायचं नव्हतं. वडिलांसाठी लागत होती. आई आधीच गेलेली, म्हणजे आम्ही मुलं. दादाने फोनवरच संमती देऊन टाकली. मला कळलं ते वहिनीकडून. दादाला विचारलं तर म्हणाला, "अगं, कागदावर एक नाव लिहिलं तर काय बिघडतं? तेही येशूलाच मानतात." ज्या माणसाने आयुष्यभर कागदावर एक शब्द लिहायला नकार दिला, त्याच्या मुलाचं हे वाक्य.

मी भाच्याला इंग्रजीत पत्र लिहिलं, सूनबाईलाही वाचता यावं म्हणून. नियमात मुलगा-मुलगी असा भेद नाही, माझी संमती नाही, वडिलांचं नाव काढ, इतकंच. त्याने काढलं, आणि माफीही मागितली. पोरगं चांगलं आहे, त्यावर माझं कधीच दुमत नव्हतं. आजोबांचं मात्र झालं. त्यांच्या मते हा फक्त प्रस्ताव असतो, मेलेल्याचा आत्मा तो स्वीकारतो किंवा नाकारतो. आजोबांनी काय केलं असेल याबद्दल मला शंका नाही.

आता तुमचं. मी कॅथलिक नाही, तेव्हा धर्मग्रामातल्या फादरना विचाराच. पण एवढं माहीत आहे की २००१ साली व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा वैध नसल्याचं जाहीर केलं. पाणी तेच, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं नाव तेच, पण त्या नावांमागची श्रद्धा वेगळी, म्हणून. त्यामुळे तुमच्या मुलीचं लग्न हे बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न धरलं जातं आणि त्यासाठी बिशपांची खास परवानगी लागते. प्रोटेस्टंट मुलगा असता तर प्रकरण इतकं लांबलं नसतं. २००८ साली व्हॅटिकनने धर्मग्रामांच्या नोंदवह्या युटाच्या वंशावळ संस्थेला उतरवून देऊ नयेत असंही बिशपांना कळवलं. म्हणजे मॉर्मन आपला बाप्तिस्मा मानत नाहीत आणि आपण त्यांचा मानत नाही. दोघंही प्रामाणिक आहेत. 'सगळं एकच' म्हणणाऱ्यांपेक्षा मला हे बरं वाटतं.

लग्न मंदिरात लागणार असेल तर तुम्ही आत जाऊ शकणार नाही, आई-बाप असलात तरी. आत जायला त्यांच्या स्थानिक पुढाऱ्यांचा परवाना लागतो आणि तो फक्त सभासदांना मिळतो. भाच्याचं लग्न २०१७ साली सॉल्ट लेकच्या मंदिरात लागलं. दादा, वहिनी, मी, सगळे बाहेर. वहिनीने नऊवारी नेसली होती, तिचे फोटो त्या चौकात अनोळखी लोकांनी काढले, लग्न मात्र तिने पाहिलं नाही. तेव्हा अमेरिकेत आधी बाहेर लग्न लावलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. २०१९ साली ती अट काढली, तेव्हा आता आधी सगळ्यांसमोर लग्न आणि मग मंदिर, असं करता येतं. हे आत्ताच ठरवून घ्या. अर्थात तुमची मुलगी स्वतः मॉर्मन होणार नसेल तर मंदिराचा प्रश्नच नाही, तिलाही आत घेणार नाहीत.

नातवंडांचंही आत्ताच बोला. आदामाच्या पापाचं ओझं बाळावर येतं असं ते मानत नाहीत, म्हणून बाळाचा बाप्तिस्मा नाही, आठव्या वर्षी पूर्ण पाण्यात बुडवून. तुमच्याकडे बाळ काही महिन्यांचं झालं की सगळे विचारायला लागतील.

एक सांगायचं राहिलं. मी लिहिलं ते सॉल्ट लेकच्या मुख्य चर्चबद्दल. जोसेफ स्मिथलाच मूळपुरुष मानणारी दुसरीही मंडळी आहेत. मिसुरीतल्या इंडिपेन्डन्सची मंडळी त्रैक्य मानते आणि यातल्या बऱ्याच गोष्टी मानत नाही. अजूनही अनेक बायका करणारे आहेत, ते मुख्य चर्चने बाहेर काढलेले. आणि माणसं म्हणून विचाराल तर माझ्या भाच्याची सासरची माणसं सरळ, कष्टाळू, व्यसन नसलेली. आजारपणात शेजाऱ्यांच्या घरी डबे पोचवतात. जावई म्हणून तक्रारीला जागा नसावी.

पण तुमच्या आई-वडिलांची नावं मागणारा फोन कधी ना कधी येऊ शकतो. मुलीचं लग्न त्या घरात झालंय म्हणून लगेच हो म्हणू नका, आणि घरातल्या थोरल्याने एकट्याने तर मुळीच नाही. बहिणींना विचारा. दादाचं म्हणणं अजून तेच आहे, की थोरला मुलगा म्हणून त्याची संमती पुरेशी होती. पुरेशी नव्हती.