लाईनचा स्पीड आधी मोज

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. तळोजा एमआयडीसीत चिकन प्लांटला क्यूसी म्हणजे माल तपासणीत ट्रेनी लागलीस, पेंधरपर्यंत मेट्रो नि पुढे रिक्षा, लय बरं वाटलं. तू विचारलंस काका आधी काय शिकू, हॅसप (अन्नात धोका कुठे शिरतो ते शोधून रोखायची पद्धत) की लॅब. दोन्ही शिकशीलच, पण पहिला आठवडा लाईनपाशी, म्हणजे टांगलेले पक्षी पुढे नेणाऱ्या साखळीपाशी, नुसती उभी राहा आणि मिनिटाला किती पक्षी जातात ते मोज.

का, तर स्पीड वाढला की उलटा टांगलेला पक्षी नीट बेशुद्ध व्हायच्या आतच सुरीपाशी पोचतो, आतडी काढणाऱ्या बाईचा हात घाईत घसरतो, आतडं फाटतं, त्यातली घाण मांसाला लागते आणि साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पॅक होऊन कुणाच्यातरी फ्रीजमध्ये जातो. मी एका प्लांटला होतो तिथे सणाच्या ऑर्डरीसाठी स्पीड वाढवलेला, सुऱ्यांना धार लावायलाही वेळ नाही, बोथट सुरीला जोर जास्त लागतो, संध्याकाळी बायका मनगटं दाबत बसायच्या आणि मी रजिस्टरमध्ये फक्त टेम्परेचर लिहून सही करायचो. ते मला अजून बोचतं.

आणि पक्ष्याच्या पायाच्या सांध्याकडे बघत जा. तिथे जळल्यासारखे तपकिरी डाग असले म्हणजे शेडमधलं लिटर, म्हणजे जमिनीवर पसरलेला भुसा, ओलं होतं, त्यातल्या अमोनियाने कातडी भाजली. 5-6 आठवड्यांत दोन किलोचा झालेला पक्षी, स्वतःचं वजन पायांना पेलत नाही, तो त्या ओल्यातच बसून राहतो, आणि तोच अमोनिया शेडमधल्या मजुराच्या डोळ्यात नि छातीत जातो. शेतकऱ्याला लगेच दोष देऊ नको हं, कंत्राटात पिल्लं, फीड, औषध कंपनीचं, शेड, वीज, मेहनत त्याची, पैसे किलोवर.

औषधावरून आठवलं, प्रत्येक लॉटचा शेवटचा डोस कधी दिला त्याचा कागद माग. औषध बंद केल्यावर ठरलेले दिवस गेल्याशिवाय पक्षी कापायचा नसतो. कोलिस्टिन म्हणजे हॉस्पिटलात बाकी काही चालेना तेव्हा देतात ते औषध, ते इकडे कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून फीडमध्ये घालायचे, 2019 मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली. कागद नसेल तर लॉट थांबवायची ताकद ट्रेनीकडे नसते, मला माहितीये, पण तारीख टाकून नोंद कर आणि सीनियरला मेल टाक, तोंडी सांगून सोडू नको.

डबा मात्र ठेकेदाराच्या बायकांबरोबर खा. लगेच बोलणार नाहीत, खाडा झाला की पैसे कापतात म्हणून कापलेलं बोट ग्लोव्ह्जमध्ये लपवून काम करतात, त्या जखमेतला स्टॅफ नावाचा जंतू मांसात उतरतो आणि लॅबला कळेपर्यंत माल गेलेला असतो. म्हणून त्यांचा ओव्हरटाईम दुप्पट दराने मिळतो का (कायद्यात दुप्पटच आहे), ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर आहे का, हे हळूहळू विचार. एचआरचं काम आहे म्हणून कुणी तुला गप्प बसवेल, तर त्याला त्या बोटाचं सांग.

रविवारी कळव्याला घरी ये, काकू वाट बघतीये. येताना वही आण, मिनिटाचे आकडे बघू.

तुझा,
काका