१८ फुटी फायबर बोटीचा जुना ट्रेलर १७ फुटी ॲल्युमिनियम बोटीला चालेल का?

तुम्ही विचारलंय की मिशिगनमधे १७ फुटी ॲल्युमिनियमची फिशिंग बोट ट्रेलरशिवाय स्वस्तात मिळालीये आणि जवळच कोणीतरी १८ फुटी फायबर बोटीचा ट्रेलर विकतोय, तर "एक फुटाचाच फरक आहे, बसेल ना?"

हे "एक फुटाचाच फरक" वाचलं आणि राहवलं नाही. आमचे साडू सेम हेच बोलले होते, त्यांच्या केसमधे तर फरक शून्य होता. १८ ची बोट, १८ चा ट्रेलर, विषय संपला. ट्रेलर लांबीवर घ्यायचा नसतो हो. आधी वजन बघायचं, मग बोटीचं बूड बघायचं, लांबी सगळ्यात शेवटी.

साडूंनी घेतली होती फायबरची १८ फुटी बोरायडर (पुढच्या टोकालाही बसायला जागा असते ती), आत ४.३ लिटरचं व्ही-६ स्टर्नड्राइव्ह इंजिन, म्हणजे सगळा लोखंडाचा गोळा एकदम मागच्या टोकाला. आणि ट्रेलर आणला तो ॲल्युमिनियमच्या आउटबोर्ड (मोटर बाहेर, मागे टांगलेली) बोटीखालचा, तुमच्या बरोबर उलट प्रकार. त्यांना मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं की साडू, एकदा काट्यावर नेऊन आणू, हायवेच्या ट्रक स्टॉपवर थोड्या पैशात वजन करून देतात. तर म्हणे ब्रोशरमधे लिहिलंय ना वजन. अहो ब्रोशरमधलं वजन कोरडं असतं! त्यात पेट्रोल नाही (गॅलनला ६ पाउंड धरा), बॅटरी नाही, नांगर नाही, कूलर नाही, आणि जुन्या बोटीच्या तळातला फोम पाणी पिऊन बसलेला असला तर ते वेगळंच. आउटबोर्ड असेल तर पुष्कळदा मोटरसुद्धा त्या आकड्यात धरलेली नसते, हे तुम्ही मुद्दाम लक्षात ठेवा.

मग पहिल्याच ट्रिपला आय-९४ वरून लेक सेंट क्लेअरला निघालो, ते पुढे आणि मी बायकोमुलांना घेऊन त्यांच्या मागे. साठच्या स्पीडला ट्रेलरने जी शेपटी हलवायला सुरुवात केली, मागून बघताना माझ्या पोटात गोळा आला, आणि यांनी केलं काय तर कचकन ब्रेक दाबला! ट्रेलर डुलायला लागला की ब्रेक नाही दाबायचा, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. नशीब शेजारच्या लेनमधे कोणी नव्हतं. पुढच्या एक्झिटला थांबलो, मी ट्रेलर सोडवून कपलर, म्हणजे गाडीला अडकवायचं ट्रेलरचं पुढचं टोक, एका हाताने वर उचलून दाखवला. गावाकडे बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर जातं, तसला प्रकार. एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के भार पुढे बॉलवर, म्हणजे कपलर ज्यावर बसतो त्या गाडीमागच्या गोळ्यावर, पडायला पाहिजे, इथे जवळपास काहीच नव्हता.

तिथूनच शेवटी काट्यावर गेलो. ट्रेलरच्या चाकांवर ३,४०० च्या वर पाउंड. आणि ट्रेलरची क्षमता लिहिलेल्या प्लेटवर काय? तर प्लेटवर कोणीतरी रंग मारला होता, तो खरवडला तेव्हा २,९९० दिसला. हा आकडा खूप ट्रेलरवर दिसेल, कारण बऱ्याच राज्यांत ३,००० च्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. आणि हे २,९९० म्हणजे ट्रेलरच्या स्वतःच्या वजनासकट बरं का, बोट किती चढवता येईल तो आकडा नाही. ट्रेलर स्वतःच सहा-सातशे असेल तर तुमच्या वाट्याला राहिले २,३०० च्या आसपास. विकणारा तुम्हाला "३,००० चा आहे" असंच सांगणार.

खरा वाद इथून पुढे. मी म्हटलं हा ट्रेलर विका, आणि ते होईपर्यंत निदान विंचचा खांब (बोटीचं नाक ओढून बांधतात तो पुढचा खांब) पुढे घ्या, म्हणजे बोट पुढे सरकेल, बॉलवर वजन येईल आणि बोटीचं मागचं टोक जे बंकच्या (बोट ज्यावर टेकते त्या लांब फळ्यांच्या) बाहेर चांगलं फूटभर लोंबकळतंय तेही आधाराला येईल. तर नाही. का, तर बोट पुढे आली की गाडीची डिकी उघडत नाही आणि बिअरचा कूलर काढता येत नाही! मग त्यांनी यू-बोल्ट ढिले करून ॲक्सलच मागे सरकवला. डुलणं थांबलं, हे मान्य, ॲक्सल मागे गेला की बॉलवर भार वाढतोच. पण बोट जिथे लोंबकळत होती तिथेच लोंबकळत राहिली, आणि ओव्हरलोड तो ओव्हरलोडच. वर मंडळाच्या गणपतीत चार लोकांसमोर मला ऐकवलं, "बघा, बसली की नाही?"

ऑक्टोबरमधे बोट गुंडाळून तशीच त्या ट्रेलरवर अख्खा हिवाळा ठेवली. इंजिन मागे, खाली आधार नाही, सहा-सात महिने. मे महिन्यात पाण्यात घातली तर नाक वर यायलाच तयार नाही, स्पीड पकडला की पाणी नांगरत चालते. बूड ट्रान्समजवळ, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या पाटीजवळ, खाली झुकलंय, त्याला हुक म्हणतात, आणि ते हुक कायम नाक खाली दाबत राहतं. साडूंचं म्हणणं प्रोपेलरचा पिच चुकीचा आहे. प्रोपेलर बदलून झाला, फरक शून्य. अहो, एक लांब सरळ पट्टी ट्रान्समपासून पुढे बुडाला लावून बघा, मधे फट दिसली की झालं सिद्ध. दोन मिनिटांचं काम आहे, पण अजून मला पट्टी लावू दिलेली नाही. ते हे उत्तर वाचत असतील तर आमंत्रण कायम आहे.

असो, तुमचं. फायबरवाल्या ट्रेलरला तुमच्या बोटीचं वजन सहसा जड नाही, तरी प्लेट वाचा. तुमची अडचण उलटी, ट्रेलर गरजेपेक्षा दणकट असेल तर त्याचे पाटे कडक असतात आणि हलकी बोट प्रत्येक खड्ड्यात आपटते, रिव्हेटवाली असेल तर रिव्हेट ढिले होऊन गळायला लागते. तसं असेल तर कमी क्षमतेचे पाटे टाका. बंकऐवजी रोलरवाला असेल तर रिव्हेटच्या बोटीला मी तरी घेणार नाही, सगळं वजन चार ठिकाणी टोचतं. बंक असतील तर ते ट्रान्समपर्यंत पोचलेच पाहिजेत, इंचभर बाहेर आले तरी चालतील पण आत नकोत. बुडाला लांबीच्या दिशेने ज्या उभार पट्ट्या असतात त्यांच्यावर बंक येता कामा नये, मधल्या सपाट भागावर यायला पाहिजे. डीप-व्ही फायबरसाठी लावलेले बंक तुमच्या चपट्या बुडाला तसेच्या तसे बसणार नाहीत, अंतर आणि तिरपेपणा बदलावा लागेल. ब्रॅकेट बोल्टचे असतील तर एका शनिवारचं काम, वेल्डेड असतील तर तो ट्रेलर सोडून द्या. हे झालं की विंचचा खांब हलवा, आणि बॉलवरचं वजन घरातल्या बाथरूमच्या काट्यावर फळी टाकून मोजा. पण ते मोटर, पेट्रोल, सामान सगळं जागेवर ठेवून. खांब हलवून आकडा जमला नाही आणि ट्रान्समही बंकवर नीट आहे, तरच ॲक्सलला हात लावा.

टायर नक्षी बघून घेऊ नका, बाजूवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर उभ्या उभ्याच म्हातारे होतात.

आणि हो, वरचं सगळं साध्या आउटबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्ह बोटीपुरतं. पाँटून (नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट) असेल किंवा बुडाखालून शाफ्ट निघणारी इनबोर्ड असेल तर हे लागू नाही, त्यांचे ट्रेलरच वेगळे. ट्रेलरचे कागद बोटीच्या कागदांपासून वेगळे असतात ते मागून घ्या, आणि प्लेटच नसेल किंवा रंगवलेली असेल तर आधी खरवडा, मग भाव करा.